आक्कांचा काढा आणि प्रयोगशाळेतलं जांभळं पाणी

आमच्या इमारतीत तळमजल्यावर आक्का राहतात. वय साठीच्या आसपास, माहेरही शिवाजी पेठेतलं आणि सासरही. गेल्या पावसाळ्यात त्यांना स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आणि दर आठवड्याला सलाईनमधून केमो सुरू झाली. एका रविवारी सकाळी त्या प्लॅस्टिकची पिशवी घेऊन जिना चढून वर आल्या. पिशवीत गडद हिरवी, तुकतुकीत, बोटांना जाडसर लागणारी पानं होती.

"मॅडम, तुम्ही पाल्यावरच काम करता न्हवं? ही बघा की जरा. लक्ष्मणफळाची हायत. रोज सात पानं उकळून पितो मी. कॅन्सर मुळासकट जातोय म्हणत्यात."

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं पानांचे अर्क काढून त्यांच्या चाचण्या करते आहे. म्हणजे आक्का योग्य दारी आल्या होत्या. तरी मला चटकन उत्तर देता येईना. झाडांच्या पानांतून कॅन्सरची औषधं मिळाली आहेत, हे खरं आहे. पान उकळून प्यायल्यानं कॅन्सर बरा होतो, हे खरं नाही. या दोन वाक्यांच्या मधे काय काय आहे ते समजावायला त्या दिवशी दुपार झाली. अशी पिशवी आज कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांत आहे, म्हणून तेच सगळं इथं नीट मांडते.

आधी 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाचं बघू, कारण प्रत्येक जाहिरातीत तो असतोच. श्वासातून आत गेलेला ऑक्सिजन आपल्या पेशी अन्न जाळायला वापरतात. हे जळण शंभर टक्के स्वच्छ नसतं. त्यात काही रेणू असे तयार होतात, की त्यांच्या एका इलेक्ट्रॉनला जोडीदार नसतो. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. जोडीदारासाठी ते शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढतात, मग तो शेजारी आपल्या शेजाऱ्याचा ओढतो. ही ओढाओढ पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए असं करत कुठंही पोचू शकते. डीएनएला इजा झाली आणि दुरुस्ती चुकली, तर पुढं कधीतरी कॅन्सरची वाट मोकळी होऊ शकते. आपला एक इलेक्ट्रॉन देऊन ही साखळी तोडतो आणि देऊनही स्वतः बिथरत नाही, तो रेणू म्हणजे अँटिऑक्सिडंट.

इथवर सगळं बरोबर आहे. पण एवढंच सांगून थांबलं की गैरसमज सुरू होतो. फ्री रॅडिकल म्हणजे निव्वळ शत्रू नव्हेत. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच हत्यार मुद्दाम तयार करतात. आणि त्यांना आवर घालायला शरीराकडं स्वतःची यंत्रणा आहे: सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटॅलेज ही एन्झाइम्स आणि ग्लुटाथायोन. बाहेरून आलेलं अँटिऑक्सिडंट या यंत्रणेच्या मानानं किरकोळ मदतनीस.

मग पानांतच इतकी अँटिऑक्सिडंट्स का? मला हा भाग फार आवडतो. पान दिवसभर उन्हात उभं असतं, त्याला सावलीत जाता येत नाही. ऊन पकडून अन्न करायचं म्हटलं की वापरून न संपलेली ऊर्जा ऑक्सिजनवर जाते आणि घातक रेणू तयार होतात. त्यांच्यापासून वाचायला पान फ्लेव्होनॉइड, फेनॉलिक आम्लं, कॅरोटिनॉइड असे कितीतरी पदार्थ बनवून ठेवतं. चैत्रात आंब्याची कोवळी पालवी तांबूस दिसते, तो रंगही अँथोसायनिन नावाच्या अशाच पदार्थांचा. पानानं ही तयारी स्वतःसाठी केलेली असते. म्हणून राधानगरीच्या रानातलं दुर्मीळ पान घ्या किंवा दारातल्या पेरूचं, अँटिऑक्सिडंट दोन्हींत सापडणारच. न सापडलं तरच नवल.

आता अर्क. गुऱ्हाळ बघितलेल्या माणसाला अर्क म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. काहिलीत रस चढतो, भेंडीचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते, गुळव्या ती काढून टाकतो, आणि पाणी उडत उडत रसाची काकवी होते. आम्ही साधारण तेच करतो. पानं सावलीत वाळवायची, भुकटी करायची, ती मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळायची, आणि मग कमी दाबाखाली फिरत्या फ्लास्कमधून मिथेनॉल उडवून लावायचं. तळाला काळपट हिरवा, काकवीसारखा चिकट थर उरतो. शंभर ग्रॅम भुकटीतून दहा-बारा ग्रॅम हाती लागला तर मी खूश असते.

यातली एक गोष्ट जाहिरातीत कधीच सांगत नाहीत. पाणी एका प्रकारचे रेणू ओढून घेतं, मिथेनॉल दुसऱ्या प्रकारचे, हेक्झेन तिसऱ्याच. म्हणून 'अमुक पानाच्या मिथेनॉल अर्कानं कॅन्सरच्या पेशी मेल्या' हे वाक्य घरातल्या पातेल्यातल्या काढ्याला लागू होत नाही. दोन्हींत पान एकच, पण उतरलेला माल वेगळा. आणि मिथेनॉल म्हणजे विषारी दारूच्या बातम्यांत येतं तेच.

अर्क झाला की पहिली चाचणी बहुतेक वेळा डीपीपीएचची. हा एक स्थिर फ्री रॅडिकल आहे, बाटलीत मिळतो. उजेड लागू नये म्हणून आम्ही बाटलीला चांदीचा कागद गुंडाळून ठेवतो. मिथेनॉलमध्ये विरघळला की पिकल्या जांभळाच्या रसासारखा रंग येतो. त्यात अर्काचे थेंब टाकायचे, अर्धा तास अंधारात ठेवायचं. अँटिऑक्सिडंटनं इलेक्ट्रॉन दिला की जांभळा रंग उतरतो आणि पाणी पिवळं होतं. किती उतरला ते ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात यंत्र मोजतं. निम्मा रंग उतरवायला जितका अर्क लागतो, तो आकडा म्हणजे आयसी-५०. तो जितका लहान, तितका अर्क जोरकस.

पहिल्यांदा हे बघणारी पोरं हरखून जातात. "मॅडम, लय भारी!" मग मी कॅन्टीनमधून बिनदुधाचा चहा मागवते आणि त्याचे दोन थेंब टाकायला सांगते. जांभळं झटक्यात पिवळं. लिंबाचा रस टाकला, पिवळं. आवळ्याचा तर विचारूच नका. तुलनेसाठी आम्ही जे व्हिटॅमिन सी वापरतो, ते बहुतेक अर्कांच्या पुढंच असतं. तेव्हा कुठं पोरांच्या लक्षात येतं की आपल्या हाती एक रासायनिक गुणधर्म लागला आहे, औषध लागलेलं नाही. परीक्षानळीत यकृत नसतं, आतडं नसतं, रक्त नसतं. अन्नपदार्थांची अशीच आकडेवारी अमेरिकेच्या कृषी खात्यानं वेबसाइटवर ठेवली होती. परीक्षानळीतल्या आकड्यावरून शरीरात काय होईल ते सांगता येत नाही आणि कंपन्या जाहिरातीत हे आकडे वापरताहेत, म्हणून २०१२ साली त्यांनी ती काढून टाकली.

पुढची पायरी कॅन्सरच्या पेशींची. महाराष्ट्रातले बरेच संशोधक या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध जात म्हणजे हेला. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, त्यांना न विचारता, या पेशी घेतल्या गेल्या. बाई त्याच वर्षी गेल्या, पेशी आजही जगभर वाढताहेत. ती हकिगत सांगितल्याशिवाय मी हेलावरचा तास पुरा करत नाही.

या पेशी ९६ खळग्यांच्या हातभर नव्हे, तळहातभर ट्रेमध्ये वाढवतात, ३७ अंशांवर. खळग्याखळग्यात अर्काचं वाढतं प्रमाण घालतात. एक-दोन दिवसांनी एमटीटी नावाचा पिवळा पदार्थ टाकतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करते, मेलेली करत नाही. म्हणजे मघाच्या उलट: इथं जांभळं झालं तर पेशी जिवंत, पिवळंच राहिलं तर मेली.

पण इथंच पाय घसरतो. अँटिऑक्सिडंट म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ, आणि एमटीटीला जांभळं व्हायला इलेक्ट्रॉनच हवा असतो. त्यामुळं पेशी एकही नसली तरी अर्क स्वतःच एमटीटीला जांभळं करू शकतो. उलट बाजूनं, काही पॉलिफेनॉल (फ्लेव्होनॉइड वगैरे पानांतले पदार्थ) पेशींच्या खाद्यद्रवात मिसळले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि पेशी त्यानं मरतात. कागदावर नाव पानाचं होतं, मारलेलं असतं पेरॉक्साइडनं. म्हणून बिनपेशीचा अर्क, बिनअर्काच्या पेशी, नुसतं द्रावक, असे सगळे खळगे सोबत ठेवावे लागतात. शोधनिबंध वाचताना मी आधी हे शोधते.

दुसरा प्रश्न त्याहून साधा: निरोगी पेशींचं काय झालं? चमचाभर मीठ टाकलं तरी कॅन्सरच्या पेशी मरतात. कॅन्सरच्या पेशीला लागणारं प्रमाण आणि निरोगी पेशीला लागणारं प्रमाण यांत मोठी दरी असेल, तरच त्या अर्कात पुढं जाण्यासारखं काही आहे.

तिसरा प्रश्न प्रमाणाचा. तो आक्कांना मी कागदावर मांडून दाखवला. समजा एखाद्या अर्काचा आयसी-५०, इथं म्हणजे निम्म्या पेशी मारायला लागणारं प्रमाण, मिलीलीटरला २०० मायक्रोग्रॅम निघाला. प्रसिद्ध होणाऱ्या कित्येक अर्कांचे आकडे अशाच पट्ट्यात असतात. कच्चा अर्क पुढं न्यावा असं वाटायला तो साधारण २० ते ३० च्या खाली हवा, असा एक जुना ठोकताळा आहे. आक्कांच्या शरीरात पाणी धरू ३० लीटर. तेवढ्यात २०० चं प्रमाण यायला ६ ग्रॅम अर्क हवा. म्हणजे ६० ग्रॅम सुकी पानं, ओली पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम. तीसुद्धा केव्हा? सगळाच्या सगळा अर्क आतड्यातून रक्तात गेला, यकृतानं त्यातलं काही मोडलं नाही, मूत्रपिंडानं काही बाहेर टाकलं नाही, आणि तो दोन दिवस तसाच टिकला तर. वस्तुस्थिती अशी, की पॉलिफेनॉल आतड्यातून फार थोडे शोषले जातात आणि जे जातात त्यांना यकृत काही तासांत बदलून टाकतं. सात पानांच्या काढ्यातलं गाठीपर्यंत काय पोचत असेल?

"मग जास्त पानं घालू व्हय?" आक्कांनी विचारलं. त्याचं उत्तर पुढं देते. ते जास्त महत्त्वाचं आहे.

अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे कॅन्सरला रोखणारच, ही समजूत प्रत्यक्ष माणसांवर तपासून झालेली आहे. पालेभाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत काही कॅन्सर कमी दिसतात, म्हणून बीटा कॅरोटीनच्या गोळ्या देऊन बघावं असं ठरलं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष घेतले. १९९४ साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. कमी नव्हे, जास्त. अमेरिकेत १८,३१४ लोकांवर तशीच चाचणी चालू होती, तिथं वाढ २८ टक्के दिसली आणि १९९६ च्या जानेवारीत ती ठरल्याच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. पुढं व्हिटॅमिन ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला, तो निकाल २०११ चा.

असं का व्हावं? एक मोठं कारण असं दिसतं की कॅन्सरची पेशीसुद्धा फ्री रॅडिकलच्या माऱ्याखाली जगत असते. वेगानं वाढताना तिच्यातही ती ओढाओढ चालते. बाहेरून अँटिऑक्सिडंटचा मोठा डोस आला तर त्याचा आधार तिलाही मिळतो. शिवाय रेडिएशन आणि काही केमो औषधं गाठ मारायला फ्री रॅडिकलचाच उपयोग करतात.

याचा अर्थ पालेभाजी सोडा असा नाही. पोकळा, तांदळी, अंबाडी, शेपू, मेथी जरूर खा. ताटातली भाजी म्हणजे शेकडो पदार्थ थोड्या थोड्या प्रमाणात, चोथ्यासकट. एकच पदार्थ वेगळा काढून ढीगभर घेणं ही निराळी गोष्ट आहे.

आणि एक पान मला इथं वगळता येत नाही, कारण ते आपल्या उशाशी पिकतं. निपाणी इथून चाळीसेक किलोमीटरवर. तंबाखूच्या पानातही पॉलिफेनॉल असतात, डीपीपीएचमध्ये तेही उत्तीर्ण होईल. विड्याच्या पानाच्या अर्काचे तर प्रयोगशाळेत फार चांगले निकाल येतात. पण त्याच पानात सुपारी घातली की, तंबाखू नसली तरी, माणसात कॅन्सर होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे. तोंडाच्या कॅन्सरवर रानातलं पान शोधत फिरणाऱ्या घरात आजी सकाळी बोटावर मिश्री घेऊन बसलेली असते. मी हे पाहिलं आहे. ती मिश्री सुटली, तर कुठल्याही अर्कानं होणार नाही एवढं काम होईल.

मग पानांतून खरंच औषध निघालं ते कसं? सदाफुलीचं उदाहरण घ्या. मूळची मादागास्करची, आता आपल्या प्रत्येक परड्यात. जमैकात तिच्या पानांचा चहा मधुमेहावर घेत. ती पानं एका लिफाफ्यातून कॅनडात पोचली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी उंदरांना अर्क तोंडावाटे दिला, साखरेवर काही परिणाम दिसेना. इंजेक्शननं दिला तर उंदीर जंतुसंसर्गानं मरायला लागले. कुणीही तिथं प्रयोग गुंडाळला असता. यांनी रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी कोसळलेल्या. मग रक्ताच्या कॅन्सरमध्ये, जिथं पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तिथं हे चालेल का, असा उलटा विचार त्यांनी केला. १९५८ साली व्हिनब्लास्टीन जगापुढं आलं, आणि तिच्याच पानांतलं दुसरं औषध व्हिन्क्रिस्टीन १९६३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारात ते आजही आहे.

ते काम कसं करतं ते बघा. पेशी दुभंगताना आतली गुणसूत्रं दोन टोकांना ओढून न्यायला बारीक दोरखंड तयार होतात. व्हिन्क्रिस्टीन त्या दोरखंडाच्या विटांना चिकटतं, दोरखंड बांधलाच जात नाही, आणि पेशी अर्ध्या वाटेत अडकून मरते. यात अँटिऑक्सिडंटचा काही संबंध नाही. हे सरळ विष आहे, मोजून दिलेलं. मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलीग्रॅमच्या वर देत नाहीत. मज्जातंतूंनाही तसेच दोरखंड लागतात, म्हणून हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. सदाफुलीची पानं चावून साखर उतरवू पाहणाऱ्यांना मी एवढ्याचसाठी हात जोडून नको म्हणते.

दुसरं झाड आपल्याच जिल्ह्यातलं. चंदगड, आजरा, राधानगरीच्या जंगलात नरक्या असतो. त्याच्या दुर्गंधीवरून पडलेलं हे नाव. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हा पदार्थ आधी एका चिनी झाडातून मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत वेगळा काढला, १९६६ साली जाहीर केला. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी तो नरक्यातही दाखवून दिला. चऱ्हाट उलगडताना पुढं पीळ साचत जातो, तसा डीएनए उलगडतानाही साचतो. तो सोडवायला एक एन्झाइम एक पदर कापतं, पीळ फिरू देतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी शिरून बसतं आणि जोड होऊ देत नाही. पण हे कळलं १९८५ मध्ये. त्याआधी माणसांवर दिलं तेव्हा मूत्राशयाला इतका त्रास आणि रक्तस्राव झाला की चाचण्या सोडून द्याव्या लागल्या. रेणूत फेरफार करून इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही कॅन्सरची औषधं तयार झाली, ती अमेरिकेत मंजूर झाली १९९६ मध्ये. म्हणजे पदार्थ सापडल्यापासून तीस वर्षांनी.

नरक्यात हा पदार्थ पानांपेक्षा साल, खोड आणि मुळांत जास्त. त्यामुळं परदेशी मागणी आली तशी झाडं मुळासकट निघाली. वनखात्यानं ट्रक पकडल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत, तोडलेली झाडं मात्र परत उभी राहिली नाहीत. आम्ही पानांच्या मागं लागतो त्याचं एक कारण हेच आहे. पान खुडलं तर झाड जगतं. यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध मिळायचं तेव्हाही हीच अडचण होती: साल काढली की झाड मेलं. पुढं युरोपातल्या यूच्या सुईसारख्या पानांत त्याचा कच्चा सांगाडा सापडला, त्यावर रसायनशाळेत पुढचं काम करून औषध बनू लागलं, आणि झाडं वाचली.

आता आक्कांच्या प्रश्नाकडं. जास्त पानं घातली तर?

लक्ष्मणफळाच्या पानांत अॅसिटोजेनिन जातीचे पदार्थ असतात. प्रयोगशाळेत ते कॅन्सरच्या पेशी मारतात, हे खरं आहे. मारतात ते पेशीतली ऊर्जेची भट्टी बंद पाडून. पण मेंदूतल्या पेशींची भट्टीही तीच. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार बऱ्याच जणांत दिसला. हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेण्याशी त्याचा संबंध दिसतो, असं १९९९ मध्ये डॉक्टरांनी मांडलं. गाठीपर्यंत पोचायला पानं वाढवत जाल, तर आधी दुसरंच काही गाठाल.

आणि ती केमोसोबत घेणं आणखी वेगळं. केमोचं औषध यकृत ठरावीक वेगानं मोडतं, डोस त्या वेगावर बसवलेला असतो. वनस्पती तो वेग वाढवू किंवा कमी करू शकते. युरोपात उदासीवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वॉर्ट या वनस्पतीमुळं इरिनोटेकानच्या रक्तातल्या कार्यक्षम रूपाची पातळी ४२ टक्क्यांनी घसरली, असं २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या रुग्णांत मोजलं गेलं. ग्रीन टीच्या पानांतल्या पदार्थानं बोर्टेझोमिब या कॅन्सरच्या औषधालाच बांधून निकामी केल्याचं २००९ मध्ये उंदरांत दिसलं. वेग कमी झाला तर उलट: औषध साचतं, आणि नेहमीचाच डोस जड जातो.

मी आक्कांना विचारलं, डॉक्टरांना सांगितलंय का?

"त्यांनी इचारलं की, दुसरं काय औषध घेता का म्हणून. न्हाई म्हटलं. काढा म्हंजे काय औषध न्हवं."

मागच्या आठवड्यात त्यांच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले आले होते आणि केमो एक आठवडा पुढं ढकलली होती. काढ्यामुळंच की आणखी कशामुळं, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण डॉक्टरांना काढ्याचा पत्ताच नव्हता, हे माझ्या मनाला फार लागलं. औषध घेता का असं विचारून आपल्याकडं भागत नाही. काढा, पाला, चूर्ण, आसव, रस, सकाळी अनशापोटी घेता ते काहीही, असं नाव घेऊन विचारावं लागतं. आणि घरच्यांनीही ती पिशवी दवाखान्यात न्यावी.

आक्का गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे झाडाचं सगळं खोटंच म्हणायचं."

मी त्यांची फाइल मागितली. आठवड्याच्या सलाईनमधल्या औषधाचं नाव होतं पॅक्लिटॅक्सेल. टॅक्सॉल म्हणतात ते हेच. यूच्या सालीतलं. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या जंगलात ती साल गोळा केली, एक लाखाहून जास्त वनस्पती अर्क तपासणाऱ्या एका मोठ्या मोहिमेत. १९७१ मध्ये त्यातल्या रेणूची रचना जाहीर झाली. व्हिन्क्रिस्टीन पेशीतले दोरखंड बांधू देत नाही, तर हे बांधलेले दोरखंड सुटू देत नाही, हे १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं. मंजुरी मिळाली १९९२ मध्ये. आणि साल ते रेणू हा प्रवास ज्यांनी केला, त्यांत तेच कॅम्प्टोथेसिनवाले मन्रो वॉल आणि मनसुख वाणी होते. वाणींचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबईत शिकून ते अमेरिकेत गेले.

"नंदुरबारचा? आपल्या?"

"आपल्या."

आक्कांनी फाइलमधल्या त्या नावावरून बोट फिरवलं. "मग ह्येबी झाडाचंच की."

पिशवी त्या दिवशी त्या माझ्याकडंच ठेवून गेल्या. पुढच्या केमोला त्यांच्या सुनेनं काढ्याचं सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी रागावून न घेता लिहून घेतलं. सून सांगत होती, शेजारच्या खाटेवर एक बाई भेदरून बसली होती, पहिलीच केमो होती तिची. आक्का सलाईनच्या बाटलीकडं बोट दाखवून तिला म्हणत होत्या, "घाबरू नगंस. झाडाचं औषध हाय ते. आपल्या नंदुरबारच्या माणसानं काढलंय."